शिवणीतली माया

पवित्र गुरुवारच्या संध्याकाळी माझे पाय धुतले जायचे होते, म्हणून त्या दुपारी मी न्हाणीत पाटावर बसून वजरीने टाचा घासत होते. आधी गरम पाणी, मग वजरी, शेवटी खोबरेल. वाडीतल्या मातीने वर्षानुवर्षं धरलेल्या भेगा एका दुपारीत कुठल्या निघायला? तरी मी घासत होते. देवळात सगळ्यांसमोर चप्पल काढायची आणि पाऊल पुढे करायचं, तर ते धुण्याजोगं दिसू नये, एवढीच माझी धडपड होती.

ते साल २०१६. त्या जानेवारीत रोमहून एक आदेशपत्र निघालं होतं. तोवर मिस्सेच्या ग्रंथात पाय धुण्याच्या विधीसाठी पुरुष निवडावेत असं लिहिलेलं होतं; आता स्त्रियाही चालतील असं ठरलं. पोप फ्रान्सिस यांनी त्याआधीच, २०१३ साली, रोममधल्या एका बालतुरुंगात जाऊन बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले होते आणि त्यांत दोन मुली होत्या. वसईतल्या आमच्या धर्मग्रामात त्या वर्षी बाराजणांच्या यादीत पहिल्यांदा बायकांची नावं आली. त्यांत माझं होतं.

वेदीसमोर खुर्च्यांची रांग होती. फादर एकेकाच्या पुढे गुडघे टेकत होते. माझ्यापुढे आले, तांब्यातलं पाणी उजव्या पावलावर ओतलं, टॉवेलने टिपलं, ओणवून पावलाला ओठ लावले आणि पुढच्या खुर्चीकडे सरकले. सगळं मिळून अर्धं मिनिट. त्या अर्ध्या मिनिटात माझ्या मनात एकच विचार होता, टाच दिसली तर नसेल ना.

रात्री घरी येऊन योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय काढला. येशू शिष्यांचे पाय धुऊ लागतो, तेव्हा पेत्र पाय मागे घेतो. तुम्ही माझे पाय कधीच धुवायचे नाहीत, अशा अर्थाचं काहीतरी बोलतो. आणि येशू त्याला सांगतो, मी धुतले नाहीत तर माझ्याबरोबर तुझा वाटा नाही. आजवर मला हा पेत्र नम्र वाटत आला होता. त्या रात्री मी त्याच्याही पुढची निघाले. त्याने निदान तोंडावर नको म्हटलं. मी हो म्हणाले आणि धुण्यासारखं काही शिल्लकच ठेवलं नाही.

त्या अध्यायाच्या एक पान अलीकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मी पूर्वी या गोष्टीशी जोडून कधी वाचली नव्हती. बेथानीच्या घरी मरिया जटामांसीचं महागडं सुगंधी तेल येशूच्या पायांना लावते आणि आपल्या केसांनी ते पुसते. घरभर वास पसरतो. एक शिष्य किमतीचा हिशेब काढतो. येशू मात्र पाय मागे घेत नाही, तिला करू देतो. दुसऱ्यांचे पाय हातात घेण्याच्या काही दिवस आधी त्याने आपले पाय एका बाईच्या हातात दिले होते. माया करणं आणि माया करून घेणं ही दोन्ही कामं त्याला येत होती. आम्हा बायकांना पहिलं येतं. दुसरं शिकवायचं कुणाला सुचतच नाही.

देव माझ्यावर प्रेम करतो, हे वाक्य मला सहाव्या वर्षापासून पाठ आहे. धर्मशिक्षणाच्या वर्गात ते फळ्यावर असायचं. पण त्याच वर्गात आम्हाला हेही सांगितलं गेलं, की तुम्ही खोटं बोललात की येशूच्या मुकुटात एक काटा वाढतो. सांगणाऱ्या बाईंचा हेतू वाईट नव्हता. त्यांनाही कुणीतरी तसंच सांगितलं असणार. पण मुलीचं मन फळ्यावरचं वाक्य विसरतं आणि काटे मोजत राहतं. उपवासकाळात माझ्याकडे एक वही असायची. गोड सोडलं, एक खूण. भावाला उलट बोलले नाही, एक खूण. ईस्टरला ती वही देवाला दाखवायची, अशी माझी समजूत होती. आणि जिथे खूण नव्हती, त्या रिकाम्या जागा तो आधी बघणार, अशी भीतीही.

पुढे वही गेली, सवय राहिली. आमच्याकडची बाई देवाजवळ जाते ती बहुधा दुसऱ्या कुणाची वकील म्हणून. माहीमच्या देवळात बुधवारच्या नोव्हेनाला माझी आई वसईहून गाडीने जायची, नऊ बुधवार न चुकता. तिथे भाविकांची विनवणीची आणि आभाराची पत्रं वाचून दाखवतात. मुलाला नोकरी लागू दे, सुनेची सुटका नीट होऊ दे, नवऱ्याची बाटली सुटू दे. बाहेर मेणाच्या वस्तू मिळतात, ज्याला जे हवं त्या आकाराच्या: घर, बाळ, हात, पाय. त्या बाजाराला मी कधी हसले नाही, हसणारही नाही. माणसाचं दुखणं हातात धरता येईल अशा आकारात तिथे मिळतं. पण मी आईला एकदा विचारलं, स्वतःसाठी काय मागितलंस? तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी परक्या भाषेत बोलले असावे.

भाषेचीच गोष्ट निघाली आहे तर सांगते. ‘प्रेम करतो’ हे आमच्या घरात कुणी कुणाला म्हटलेलं मला आठवत नाही. तो शब्द पुस्तकातला, सिनेमातला, प्रवचनातला. घरात शब्द होता माया. आजीची नातवंडांवर माया होती, काकाची गुरांवर होती. आणि ती बोलून दाखवायची रीत नव्हती; जेवलीस का, एवढ्या दोन शब्दांत ती यायची. मग देवाच्या बाबतीत आम्ही पुस्तकी शब्द का घेतला? कदाचित माया या शब्दाची थोडी धास्ती असेल. वेदान्तात माया म्हणजे भास. जगाला खरं मानायला लावणारी. तोच शब्द घरात आला आणि आजीच्या हाताला जाऊन चिकटला. जगाच्या भासाला आणि आजीच्या हाताला एकच नाव देणारी ही भाषा मला फार खोल वाटते.

पण त्या शब्दाचा तिसरा अर्थ मला सगळ्यांत जवळचा आहे, कारण तो मशीनवर बसलेल्या आईकडून आला. आई शिवण करायची. जूनमध्ये शाळेचा फ्रॉक बेतताना ती मापापेक्षा चार बोटं कापड जास्त धरायची आणि ते आत दुमडून टाकायची. त्याला शिवणात माया म्हणतात. ‘माया ठेवलीय भरपूर,’ ती दोरा दातांनी तोडत म्हणायची. ते कापड दिसत नाही, अंगावर असताना जाणवतही नाही. पुढच्या जूनमध्ये मुलगी वाढलेली असते. मग घडी उसवायची आणि कापड खाली सोडायचं. सोडलेली पट्टी कोरी, गडद निळी. वरचा फ्रॉक वर्षभराच्या धुण्याने विटलेला. मधे जुन्या घडीची रेघ, इस्त्रीनेही न जाणारी. ती रेघ लपवायला मी दप्तर पुढे धरून चालायची. आज मला कुणी देवाच्या प्रेमाविषयी विचारलं तर ती गडद पट्टी डोळ्यांपुढे येते. ती पट्टी गेल्या जूनमध्येही तिथेच होती, आतून शिवलेली. तिची गरज मला अजून पडायची होती, एवढंच.

या वाटेवर मला सगळ्यांत मोठी सोबत झाली ती अशाच एका शिवणाऱ्या बाईच्या मुलीची. झेली मार्टिन फ्रान्समधल्या आलाँसाँ गावी लेस विणण्याचा धंदा करायची. त्या गावची सुईने केलेली लेस नावाजलेली. तिला नऊ मुलं झाली, त्यांतली चार लहानपणीच गेली. शेवटची तेरेज, जन्म २ जानेवारी १८७३. ती साडेचार वर्षांची असताना आई स्तनाच्या कर्करोगाने गेली. हीच पुढे लिझ्यूच्या कार्मेल मठातली संत तेरेज, आपल्याकडे देवळादेवळात हातात क्रूस आणि गुलाब घेऊन उभी असलेली ‘लिटल फ्लॉवर’. त्या मूर्तीमुळे मी बरीच वर्षं तिच्या वाटेला गेले नाही. गोड चेहरा, गुलाब, चोविसाव्या वर्षी मृत्यू. मला वाटायचं, हिला काय ठाऊक असणार?

तिला वहीची गोष्ट ठाऊक होती. लहानपणी केलेले त्याग मोजण्यासाठी तिच्याकडे मण्यांची माळ होती. १८८४च्या मे महिन्यात तिचं पहिलं कम्युनियन झालं. त्याआधी दोन महिने बहिणीने करून दिलेल्या एका छोट्या पुस्तकात ती रोजच्या सत्कृत्यांची नोंद फुलांच्या नावांनी करत होती. हे वाचलं आणि मी पुस्तक मिटून बसले. माझ्या वहीत फक्त खुणा होत्या, तिच्या पुस्तकात फुलं; हिशेब तोच. आणि त्या हिशेबाचा शेवट जिथे होतो तिथे तीही पोचली. बाराव्या वर्षी तिला पापभीतीने घेरलं. प्रत्येक विचार, प्रत्येक साधी कृती तिला पाप वाटू लागली. ती रोज थोरल्या बहिणीजवळ बसून सगळं ओकून टाकायची, आणि टाकून होईतो नवं साचायचं. जवळजवळ दीड वर्ष. या दुखण्याला युरोपातल्या भाषांत जे नाव आहे त्याच्या मुळाशी एक लॅटिन शब्द आहे, त्याचा अर्थ टोकदार बारीक खडा. चपलेत शिरलेला खडा. बाहेरून कुणाला दिसत नाही, आणि चालणाऱ्याला दुसरं काही सुचत नाही.

ही एकट्या तेरेजची गोष्ट नव्हती. सतराव्या शतकात यान्सेन नावाच्या बिशपच्या ग्रंथातून फ्रान्समध्ये एक कडक विचार पसरला. रोमने त्यावर बंदी आणली, पण त्याचा गारठा दोनशे वर्षं भिंतींत राहिला. देव म्हणजे आधी न्यायाधीश. कम्युनियन ही पात्र ठरलेल्यांनाच मिळणारी गोष्ट. तेरेजच्या मठातल्या सिस्टरांनाही ते रोज घेता येत नसे. रोज घ्यायला मोकळीक मिळाली १९०५ साली, ती गेल्यानंतर आठ वर्षांनी. देवाचा न्याय पापी जगावर कोसळू नये म्हणून तो आपल्यावर घ्यावा, असं स्वतःला अर्पण करणाऱ्या सिस्टरा त्या काळी होत्या आणि त्यांना फार मान होता. १८९१च्या शरद ऋतूत एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू मठात प्रवचनं द्यायला आले. त्यांनी अठरा वर्षांच्या तेरेजला सांगितलं, तुझ्या चुकांनी देवाला दुःख होत नाही. तिने लिहून ठेवलंय, की आपल्या शिडात वारा भरला तो त्या दिवशी. मला असं कुणी सांगितलं असतं तर?

मग ९ जून १८९५, त्रैक्याचा रविवार. तेरेजने अर्पण केलं, पण न्यायाला नाही, दयेला. त्या प्रार्थनेत तिने ठरवून टाकलं, की आयुष्याच्या संध्याकाळी आपण देवापुढे रिकाम्या हातांनी उभं राहायचं. आपली सत्कृत्यं मोजायला त्याला सांगायचंच नाही. फुलांच्या नावांनी नोंद ठेवणारी ती मुलगी अकरा वर्षांत इथे पोचली होती. कॅथलिक असून तिने कर्माला रजा दिली असं मात्र समजू नये. ती मठात धुणं धूत होती, शेजारच्या सिस्टरने उडवलेलं घाण पाणी तोंडावर झेलत होती, चिडक्या म्हाताऱ्या सिस्टरला हात धरून जेवणघरात नेत होती. फक्त त्याची पावती तिने मागणं सोडलं.

तिची प्रसिद्ध उपमा लिफ्टची. तेव्हा श्रीमंतांच्या घरी जिन्याऐवजी लिफ्ट येऊ लागली होती. तेरेज म्हणते, पूर्णत्वाचा जिना चढायला मी फार लहान आहे, येशूचे हात हीच माझी लिफ्ट. आपल्या परंपरेत या प्रश्नावर मर्कटन्याय आणि मार्जारन्याय असा जुना वाद आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट धरून असतं; मांजरीचं पिल्लू काहीच करत नाही, आईच त्याला मानगुटीला धरून नेते. लिफ्टची उपमा ऐकून वाटेल तेरेज मांजरीच्या बाजूची. पण तिने एका शिकाऊ सिस्टरला दुसरी उपमा दिली होती. जिन्याच्या पायथ्याशी एक तान्हं उभं आहे. पहिल्या पायरीवर चढायला ते पाऊल उचलतं, पडतं, पुन्हा उचलतं. एक पायरीही चढणं होत नाही. वरून आई बघत असते. शेवटी तीच खाली येते आणि उचलून घेते. त्याने फक्त पाऊल उचलत राहायचं. हे दोन्ही न्यायांत नीट बसत नाही, आणि मला तेच खरं वाटतं. पाऊल उचलणं आपलं, पोचणं आपलं नाही.

थकलेल्या बाईसाठी तिच्याकडे आणखी एक गोष्ट आहे, ती मी भेटेल तिला सांगते. ध्यानाच्या वेळी तेरेजला झोप यायची, एकदोन दिवस नाही, सात वर्षं. तिने स्वतःला बोल लावला नाही. झोपलेलं मूल आईबापांना जागं असतं तेव्हाइतकंच आवडतं, असं तिने म्हटलं. दिवसभर राबून संध्याकाळी जपमाळेच्या तिसऱ्या दशकात जिची मान खाली येते, तिला दचकवून जागं करणाऱ्या आम्ही सगळ्या एकदा हे वाचून घेऊ या.

आता अवघड भाग. देवाची माया जाणवत नाही तेव्हा काय?

१८९६ साली पवित्र गुरुवारच्या रात्री तेरेज मध्यरात्रीपर्यंत प्रार्थनेत जागली आणि खोलीत येऊन पडली. तोंडाशी काही ऊबदार आलं. दिवा मालवला होता; तिने तो पुन्हा लावला नाही. सकाळी रुमालावर रक्त दिसलं. क्षयच तो. त्यानंतर थोड्याच दिवसांत, ईस्टरच्या काळातच, मनावरही काळोख उतरला: स्वर्ग नाहीच, पलीकडे नुसतं काहीच नाही. पुढचं दीड वर्ष, ३० सप्टेंबर १८९७ला ती गेली तोवर, तो काळोख जवळजवळ हटला नाही. तिने विश्वासांगीकार आपल्या रक्ताने लिहून छातीशी बाळगला. आणि गंमत बघा, देवावरच्या भरवशाची तिची सगळ्यांत उजळ पानं याच काळातली आहेत. तिचंच नाव घेतलेल्या कोलकात्याच्या मदर तेरेसांची पत्रं २००७ साली छापली गेली, तेव्हा जगाला कळलं की त्यांनीही कित्येक दशकं असाच काळोख काढला होता. म्हणजे माया आहे की नाही हे जाणिवेवरून ठरत नाही. फ्रॉक अंगात नीट बसत असतो तेव्हा आतली पट्टी कुणाला जाणवते? उसवण्याची वेळ येते तेव्हाच ती दिसते. आणि उसवताना टाके ओढले जातात, कापडाला ते बरं वाटत नसणार.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. देवाची तुझ्यावर माया आहे, हे वाक्य आमच्याकडे कधीकधी मार खाणाऱ्या बाईला गप्प बसवायला वापरलं जातं. तुझा क्रूस आहे, सोस. मी हे देवळाच्या पायऱ्यांवर ऐकलं आहे. ते वाक्य मग पट्टी न राहता दोरी होतं. जिच्यावर देवाची माया आहे, तिच्यावर कुणीही हात उचलता कामा नये. त्या वाक्यातून निघत असेल तर एवढंच निघतं. तिला आधी सुरक्षित घर हवं, पोलिसांत जायला सोबत हवी. ध्यान नंतर.

तर ही जाण खोल कशी होते? मला उपाय सांगता येणार नाही, माझी रीत सांगते. आम्हाला रात्री मनाची झडती घ्यायला शिकवलं होतं, आणि झडती म्हणजे चुकांची यादी. पुढे संत इग्नेशियस लोयोला यांची साधना मुळातून पाहिली, तर या झडतीची त्यांनी सांगितलेली पहिली पायरीच निराळी निघाली: मिळालेल्या गोष्टींबद्दल देवाचे आभार. चुका नंतर येतात. आम्ही पहिली पायरी गाळून थेट चुकांवर पडत होतो. आता रात्री ओटीवर बसून मी दिवसभरात मला काय मिळालं ते आठवते. शेजारणीने कुंपणावरून दिलेली अळूची पानं. गाडीत एका मुलीने सरकून दिलेली जागा. सुरुवातीला हात लगेच परतफेडीकडे जायचा: तिला उद्या काय देऊ? तो हात मी अडवते. पानं फक्त घेतलेली राहू देते. हे वाटतं त्याहून कठीण आहे. आणखी एक संत तेरेसा, आविलाची, हिने प्रार्थनेची व्याख्या मैत्री अशी केली आहे: ज्याची आपल्यावर माया आहे हे आपल्याला ठाऊक आहे, त्याच्याजवळ वरचेवर एकट्याने बसणं. आपण त्याच्यावर किती माया करतो, ते त्या व्याख्येच्या सुरुवातीला येत नाही.

त्या गुरुवारच्या रात्री बायबल मिटल्यावर मला आईची शेवटची वर्षं आठवली. पक्षाघाताने तिचा डावा हात गेला होता, मशीन कोपऱ्यात कापड टाकून झाकलेलं. संध्याकाळी मी तिला पडवीत खुर्चीवर बसवायची आणि घमेल्यात कोमट पाणी घेऊन तिचे पाय धुवायची. ती रोज लाजायची. ‘राहू दे गं, तुझी कामं पडलीत.’ कधी पाय खुर्चीखाली ओढून घ्यायची. मी घोट्याला धरून पुढे काढायची, ती दुसरीकडे बघत बसायची. असं पुष्कळ महिने चाललं. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी विनवणीची पत्रं लिहिलेली बाई ती; स्वतःचे पाय दुसऱ्याच्या हातात द्यायचे कसे, हे तिला कुठून कळणार?

मग ऑगस्टमधली एक संध्याकाळ. पाऊस नुकताच थांबला होता, पागोळ्या गळत होत्या. मी तिचा उजवा पाय धुतला, पंच्याने पुसला, आणि फोन वाजला म्हणून उठले. बोलून परत आले तेव्हा मनात दुसरंच काही होतं. मी घमेलं उचलायला वाकले. आईने डावा पाय, जो तिला नीट हलवताही येत नव्हता, उजव्या हाताने गुडघ्याला धरून पाण्याकडे सरकवला.

‘हा राहिला,’ ती म्हणाली.